गाल आणि मास्क यांच्यामधली फट

बालदम्याच्या उपचारात निदानाची आणि औषधाच्या मात्रेची चर्चा पुष्कळ होते; परंतु दोन वर्षांच्या रडणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर मास्क फट न राहता कसा टेकवावा, हा प्रश्न एका ओळीत निकालात काढला जातो, आणि प्रत्यक्षात सारा उपचार तिथेच अडतो. पंपातला फवारा ज्या पोकळ नळकांड्यात क्षणभर साठतो आणि जिथून मूल तो आपल्या नेहमीच्या श्वासाने ओढून घेते, त्याला स्पेसर म्हणतात. त्याच्या टोकाचा मास्क नाकाच्या कडेला किंचित उचलला गेला तरी मूल फटीतून बाहेरचीच हवा ओढते आणि औषध नळकांड्यात राहून जाते. मास्क दाबून धरावा, तर मूल रडते. रडताना श्वास सोडणे लांबते, घेणे तुटक आणि वेगवान होते, त्यामुळे औषधाचे कण श्वासनलिकांत उतरण्याऐवजी घशावर आदळून गिळले जातात. झोपेत द्यावे, तर मास्कच्या स्पर्शाने पुष्कळ मुले दचकून जागी होतात.

ही कोंडी आपल्या हातच्या कसबाने सुटते, असे मुरलेल्या बालरोगतज्ज्ञाला वाटत असते. मूल शांत झाले की आईच्या डोळ्यांत दिसणारे कौतुक त्याला हवेसे वाटते, आणि तपासणीच्या खोलीतले ते प्रात्यक्षिक जितके मुलासाठी तितकेच स्वतःसाठीही असते, हे उघडपणे मान्य केले पाहिजे. वयोमानाने त्याच हाताला कंप सुटला आणि मास्क स्थिर राहीनासा झाला, की स्पेसर आईच्या हाती देण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आणि तेव्हा दिसते, की मांडीवर पाठ टेकवून बसवलेले मूल आईच्या तळव्याखाली हनुवटी सहज स्थिर ठेवते. श्वासनलिकांची सूज आटोक्यात ठेवणारे स्टेरॉइड त्रास नसतानाही महिनोन्महिने रोज द्यायचे असते, ते देणारा हातही तिचाच असतो.

याउलट, पंपाची सवय लागेल या पालकांच्या भीतीला शरण जाऊन, श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलचे पातळ औषध लिहून देणारे व्यावसायिक अजूनही आहेत. फवाऱ्यातून १०० मायक्रोग्रॅम मिळणारे हे औषध पोटातून द्यायचे तर मिलिग्रॅममध्ये द्यावे लागते. मुलाचे हात थरथरतात, छाती धडधडते. साध्या झटक्यालाही यंत्राने वाफ देण्याची जी रीत पडली आहे, तिचे समर्थनही अवघड आहे. स्पेसर परवडत नाही, ही सबबही टिकत नाही. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५०० मिलिलिटरच्या प्लॅस्टिक बाटलीपासून केलेला स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच गुणकारी ठरला होता. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी हे ज्ञान फार पूर्वीच पोहोचायला हवे होते.

तरीही बाटलीने फटीचा प्रश्न सुटत नाही. म्हणून प्रत्येक भेटीत आईलाच स्पेसर लावून दाखवायला सांगावे, स्पेसरला झडप असेल तर ती मुलाच्या श्वासाबरोबर हलते की नाही हे पाहावे, आणि ती हलत नसेल तर औषधाची मात्रा वाढवण्याआधी मास्कचा आकार बदलून पाहावा.