रक्त थांबलं म्हणजे?

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात हिरडा मिळतो. त्याच्या काढ्याच्या गुळण्यांनी दातांवरचा मऊ थर आणि हिरड्यांची सूज कमी होते, असं छोट्या चाचण्यांत दिसलंय. फळातल्या टॅनिनचा तुरटपणा तिथे कामी येतो. मग दवाखाना कशाला, असं कुणी म्हणेल. पण दगडासारखं घट्ट झालेलं कीटण गुळण्यांनी निघत नाही, ते खरवडूनच काढावं लागतं. शिवाय इथे घरोघरी खर्रा आहे. त्यातला तंबाखू हिरड्यांतला रक्तस्राव दडवू शकतो, आतली झीज मात्र चालूच राहते. म्हणून रक्त थांबलं एवढ्यावरून हिरड्याला श्रेय देणं मला घाईचं वाटतं. ‘फुकटचं औषध, निदान अपाय तरी नाही’ हेही अर्धंच खरं: गुळण्यांच्या भरवशावर तपासणी लांबली, तर दात हलू लागेपर्यंत पत्ता लागत नाही. ब्रशच्या जोडीला हिरडा जरूर असावा, खर्रा सोडून.