कलकत्त्याचा चषक

गेल्या हिंवाळ्यांत महाविद्यालयाचें श्रमशिबिर घेऊन आम्ही राळेगणसिद्धीस गेलों होतों. दिवसभर माती ओढून थकलेलीं मुलें संध्याकाळीं यादवबाबांच्या मंदिरापुढें बसलीं आणि इंग्रजीच्या प्राध्यापकानें कांहीं तरी सांगावें असा हट्ट धरूं लागलीं. आमच्या खिशांत त्या वेळीं एक जुनें पासबुक होतें. बहुधा त्यामुळेंच आम्हांस कलकत्त्याच्या रग्बी क्लबाची आठवण झाली.

हुतुतूंत दम लागतो, रग्बींत छाती लागते. बाकी पकडणें आणि पाडणें दोहोंकडे सारखेंच, असें आमचें मत आहे. (रग्बी खेळणारे तें मान्य करणार नाहींत.) लंडनमध्यें १८७१ सालीं एकवीस क्लबांनीं मिळून रग्बी युनियन स्थापिली. पुढल्याच वर्षीं नाताळच्या दिवशीं कलकत्त्यांत सामना झाला: एका बाजूस इंग्लंडचे वीस गडी, दुसऱ्या बाजूस स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स मिळून वीस. १८७३ च्या जानेवारींत क्लब निघाला आणि १८७४ सालीं युनियनमध्यें दाखल झाला. आणि मग थोड्याच वर्षांत सारें ओसरलें. बंगालची हवा या खेळास मानवेना, खेळाडू पुरविणारी पलटण दुसरीकडे गेली, साहेब लोकांचें मन टेनिस-पोलोकडे वळलें. शिवाय आणखी एक कारण सांगतात. क्लबांत सभासदांस फुकट मिळणारी दारू बंद झाली!

"म्हणजे सर, भट्टी विझली म्हणून तालीम मोडली?" एका मुलानें विचारलें, आणि एकच हशा पिकला.

मुलें हंसलीं खरीं, पण तीं बसलीं होतीं त्या मंदिराचें लांकूड एके काळीं दारूच्या भट्ट्यांत जळलें होतें. १९७५ सालीं सैन्यांतून परतलेल्या अण्णा हजारे यांनीं आपल्या फंडाचा पैसा घालून मंदिर उभें केलें आणि तेथेंच बसून गांवानें भट्ट्या बंद केल्या. पुढें दारुड्यांस खांबास बांधून फटकेही मारले. तें आमच्या मनास आजही रुचत नाहीं. पण येथें दारू गेली आणि गांव राहिलें, हें खोटें म्हणतां येत नाहीं.

कलकत्तेकरांनीं शेवट मात्र झोकांत केला. १८७८ सालीं क्लब मोडतांना बँकेंतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, २७० रुपये वितळवून चषक घडविला. त्याच्या तीन मुठी म्हणजे तीन नाग, झांकणावर हत्ती. तो युनियनला दिला, आणि १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड त्यासाठीं झुंजतात. (१९८८ सालीं सामन्याच्या रात्रीं झिंगलेल्या खेळाडूंनीं तो एडिंबरोच्या रस्त्यांत लाथाडून चेपला. दारूनें त्याची पाठ कांहीं सोडली नाहीं.)

आतां पासबुकाविषयीं. तें आमच्या तरुणपणच्या हुतुतू मंडळाचें. मंडळ मोडून तीस वर्षें झालीं. शिल्लक व्याजासह अकरा हजारांवर गेली आहे. तिचा एक चषक करून तालुक्याच्या सामन्यांस द्यावा, असें आम्हीं ठरविलें होतें. नगरच्या दुकानांतून भावही आणविला होता. सह्या तिघांच्या लागत. तिसरा आमचा सर्वांत चपळ गडी. जिंकल्याच्या रात्रीं मंडळांत बाटली येऊं लागली तेव्हां चिटणीस आम्ही होतों, आणि आम्हीं पाहून न पाहिल्यासारखें केलें. इतरांची ती रात्रीपुरती राहिली. त्याची राहिली नाहीं. तो चाळिशी न गांठतां गेला. त्याची बायको आजही दुसऱ्यांच्या कांद्यांत खुरपणीस जाते.

मुलें झोपल्यावर आम्हीं दुसऱ्या सहीच्या धन्यास फोन केला. म्हटलें, "चषक राहूं दे. वहिनींच्या नांवें पैसे करूं."

तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "सोमवारीं बँकेंत ये. मी चष्मा घेऊन येतों. सही जुनीच जुळली पाहिजे."