चिवट

हिऱ्याला घाव सोसत नाही. कठीणपणात त्याचा पहिला नंबर, पण नेमक्या रेषेवर हातोडी बसली की तो सरळ दुभंगतो. जेडचं उलट आहे. खनिजांच्या कठीणपणाच्या पट्टीवर हिरा १० वर आणि जेड जेमतेम ६ ते ७ वर. नदीच्या वाळूतला साधा गारेचा कणसुद्धा त्याच्यावर ओरखडा उमटवतो. मात्र त्याच्यावर हातोडा घाला, हातोडाच उसळून मागे येतो. ओरखडे अंगावर घेईन, पण तुटणार नाही, असा त्याचा बाणा.

या बाण्याचं मूळ त्याच्या अंगात आहे. ज्याला जुना, खानदानी जेड म्हणावं तो नेफ्राइट. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि थोडं लोह असलेलं हे सिलिकेट. त्याचे केसाहून बारीक तंतू एकमेकांत असे गुरफटलेले असतात की पिंजाऱ्यानं केलेला बुरणूस आठवावा. उभा धागा नाही, आडवा धागा नाही, नुसती दाबून बसवलेली लोकर. उसवायचं ठरवलं तरी टोक कुठलं धरायचं? तडा आत शिरतो आणि दोन पावलांवर वाट चुकतो.

दिसायला स्वारी चारचौघांतली. पैलू पाडून उजेड खेळवावा अशी सोय तिच्यात नाही. तेलाचं बोट फिरवून पुसून घेतल्यासारखी मंद, ओशट झाक, एवढंच. आपल्याकडे जेड म्हटलं की हिरवा रंगच डोळ्यांपुढे येतो, पण नेफ्राइट पांढरा असतो, पिवळसर असतो, करडा आणि काळाही असतो. चिनी दर्दी लोकांत सर्वांत वरचा मान पांढऱ्याचा, आणि त्या पांढऱ्याला ते मेंढीच्या चरबीची उपमा देतात. दागिन्याचं कौतुक करताना चरबी आठवणं आपल्याला रुचणार नाही, पण त्या दगडाचा खडा तळहातावर घेतला की उपमा बिनचूक असल्याचं पटतं. आधी थंड, आकाराच्या मानानं जड, आणि मग हळूहळू हाताची ऊब घेणारा.

त्याचं गाव मध्य आशियातलं खोतान. कुनलुन पर्वतातून दोन नद्या तिथे उतरतात, युरुंगकाश आणि काराकाश. एक पांढऱ्या जेडची, दुसरी काळ्या जेडची. उन्हाळ्यात बर्फ वितळून पूर येतो, तो डोंगरातले धोंडे घेऊन येतो. पाणी ओसरलं की माणसं पात्रात उतरून गोटे चाचपू लागतात. तिथून तो वाळवंटाच्या कडेकडेनं चीनला जायचा. हान काळातल्या सरहद्दीवरच्या चौकीचं नावच मुळी ‘जेडचा दरवाजा’.

चिनी कारागिरांची त्याच्याशी ओळख मात्र त्याहून कितीतरी जुनी. आज हांगचौ शहर आहे त्याच्या जवळ, सुमारे ५००० वर्षांपूर्वी, ल्यांगचू संस्कृतीतल्या लोकांनी जेडच्या चकत्या केल्या, बाहेरून चौकोनी आणि आतून गोल अशा नळ्या केल्या, आणि त्यांवर भिंगाशिवाय नीट दिसू नयेत इतक्या बारीक रेघा ओढल्या. हाताशी धातूची हत्यारं नसताना. जेडला छिन्नी चालतच नाही, त्याला झिजवावं लागतं. त्याच्याहून कठीण वाळू, पाणी, दोरी, बांबूची नळी आणि मग दिवसच्या दिवस घासणं. एका भोकासाठी एखाद्याचा हंगाम जात असेल. म्हणजे कबरीत जेड ठेवणं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्याचा तुकडा सोबत नेणं. ज्याच्याकडे असा तुकडा मागायची सत्ता, त्याच्याचकडे जेड.

पुढे त्याला चारित्र्य चिकटलं. कन्फ्यूशियसला एका शिष्यानं विचारलं म्हणतात, की जेडला एवढा मान कशाला, तो दुर्मीळ आहे म्हणून का? गुरूनं दुर्मीळपणाचा मुद्दा झटकून टाकला आणि गुणांची यादीच दिली. त्याचा ओलसर, उबदार तजेला म्हणजे दया. घट्ट वीण म्हणजे शहाणपण. कोपरे असूनही ते कुणाला कापत नाहीत, म्हणजे न्यायबुद्धी. आपला डाग तो लपवत नाही, म्हणजे निष्ठा. सभ्य माणूस कमरेला जेडचे लोलक बांधून चालायचा, आणि चाल बिघडली की त्यांचा नादही बिघडायचा. माणसाच्या चालचलणुकीवर दगडाची नजर, असा हा प्रकार.

गुणांची ही यादी वाचताना मला दर वेळी बिएन ह या माणसाचे पाय आठवतात. गोष्ट चिनी मुलांना पाठ असते. त्याला चू राज्याच्या डोंगरात एक ओबडधोबड धोंडा सापडला. आत जेड आहे अशी खात्री पटून त्यानं तो राजाला नजर केला. जवाहिऱ्यानं पाहिलं, म्हणाला, साधा दगड आहे. राजानं फसवणुकीबद्दल त्याचा डावा पाय तोडला. दुसरा राजा गादीवर आला, हा पुन्हा गेला, उजवा पाय गेला. तिसऱ्याच्या वेळी तो डोंगराच्या पायथ्याशी धोंडा कवटाळून रडत बसला. पाय अनेकांचे तुटतात, तू एवढा का रडतोस, असं राजानं विचारवलं. रडणं पायांसाठी नाही, रत्नाला दगड आणि खऱ्या माणसाला लबाड म्हणतात यासाठी आहे, असा त्याचा निरोप आला. मग कुणीतरी धोंडा कापून बघितला. आत निर्दोष जेड. पुढे तो चाओच्या राजाकडे गेला आणि त्याच्या बदल्यात छिनच्या राजानं १५ शहरं देऊ केली. गोष्ट सचोटीची म्हणून सांगतात. मला ती राजांच्या आळसाची वाटते. आधी कापून बघायला कुणी नको म्हटलं होतं?

तर हा आपला डाग न लपवणारा सज्जन मुळात सालीच्या आत लपलेला असतो. पुरात गडगडलेल्या गोट्यावर तपकिरी साल चढते आणि आत काय आहे ते बाहेरून कळत नाही.

मेलेल्यांनाही त्याचा मोह होता. हान घराण्यातला राजपुत्र ल्यू शंग इ.स.पू. ११३ मध्ये वारला. दारू आणि बायका यांचा शौकीन, शंभरावर मुलांचा बाप. देह कुजू नये म्हणून त्याला जेडच्या २४९८ तुकड्यांचा, सोन्याच्या तारेनं शिवलेला अंगरखा डोक्यापासून पायापर्यंत चढवला. १९६८ मध्ये हपेइ प्रांतात मानचंग इथे कबर उघडली तेव्हा राजपुत्र मातीला मिळाला होता. अंगरखा तेवढा शाबूत होता.

हिंदुस्थानात हा पाहुणा तैमूरच्या वंशजांबरोबर आला. समरकंदला तैमूरच्या कबरीवर गडद हिरव्या जेडची शिळा आहे. त्याच्या नातवंडा-पतवंडांनी ती आवड पुढे चालवली. मुघल धनुर्धर अंगठ्यात जेडची अंगठी घालत, कट्यारीच्या मुठी घोड्याच्या तोंडाच्या करत, आणि आपले कारागीर त्याच्यात चर खोदून कुंदनाच्या कामानं माणकं बसवत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जहांगीरची कट्यार आणि नूरजहाँची फळं कापायची सुरी ठेवली आहे. पण या सगळ्यात माझा जीव जडला आहे तो शहाजहानच्या १६५७ सालच्या प्याल्यावर. अर्ध्या भोपळ्याचा आकार, तळाशी कमळ, आणि निमुळत्या टोकाला मान वळवलेला रानबोकड. पांढऱ्या दगडाची कड इतकी पातळ की उजेड आरपार यावा. हल्ली तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असतो. जेडच्या माहेरघरातल्या चिएनलुंग बादशहालासुद्धा हे हिंदुस्थानी काम असं आवडलं की त्यानं त्यावर कविता केल्या आणि भांड्यांवर कोरून घेतल्या. चिनी माणसानं जेडच्या कामात परक्यांना शाबासकी द्यावी, ही काही लहान गोष्ट नाही.

याच चिएनलुंगच्या काळात, १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात, ब्रह्मदेशातून त्याचा नावभाऊ चीनच्या बाजारात मोठ्या संख्येनं उतरला. दिसायला तसाच, हाताला तसाच गार, पण रंगानं भडक. क्रोमियममुळे येणारा पाचूसारखा हिरवा. दोघे एका रक्ताचे नाहीत, हे १८६३ साली फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ अलेक्सी दामूरनं दाखवून दिलं. हा जेडाइट, सोडियम आणि अॅल्युमिनियमचं सिलिकेट. नेफ्राइटपेक्षा थोडा कठीण, थोडा जड, आणि चिवटपणात एक पायरी खाली. पण भाव त्यानंच खाल्ला. आज लिलावात ज्याच्या माळांचे कोटींनी सौदे होतात, तो हाच. तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात लोकांची रांग लागते ती त्याच्या कोबीपुढे. अर्धा पांढरा, अर्धा हिरवा, चिरा गेलेला तुकडा होता. कारागिरानं पांढऱ्याचे देठ केले, हिरव्याची पानं केली, चिरा पानांच्या शिरांत लपवल्या आणि वर दोन कीटक बसवले. उंची १९ सेंटिमीटरसुद्धा नाही. खोट असलेल्या मालाचं त्यानं जे केलं त्याला तोड नाही.

जगात इतरत्रही या दोघांनी संसार थाटले. ग्वातेमालाच्या मोताग्वा खोऱ्यातला जेडाइट माया राजांनी वापरला. ६८३ साली वारलेल्या पालेंकेच्या पाकाल राजाच्या चेहऱ्यावर जेडच्या तुकड्यांचा मुखवटा होता. न्यूझीलंडचे माओरी नेफ्राइटला पोउनामू म्हणतात आणि त्याच्या आखूड गदा करत. लढाईत वापरायच्या गदा, शोभेच्या नव्हेत, कारण घाव घालून न तुटणारा दगड त्यांना नेमका कळला होता. नावाजलेल्या गदेला स्वतःचं नाव असे आणि ती पिढ्यान्‌पिढ्या हातोहात जाई. १९९७ च्या कायद्यानं दक्षिण बेटावरच्या पोउनामूची मालकी न्गाई ताहू जमातीकडे परत गेली.

ब्रह्मदेशात मात्र बिएन हची गोष्ट अजून संपलेली नाही. कचिन प्रांतातल्या फाकांतचा जेडाइटही सालीत येतो. व्यापारी बॅटरीचा झोत टाकून पाहतात, सालीला एक छोटी खिडकी पाडतात आणि आतल्या रंगावर जुगार लावतात. खिडकीत हिरवा, आत राखाडी, असं झालं की माणूस रस्त्यावर. या दगडाच्या उत्पन्नावर कधीकाळी मंडालेच्या राजांचा हक्क असे. त्यांतला शेवटचा, थिबा, १८८५ च्या युद्धानंतर इंग्रजांनी पकडला आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवला. १९१६ मध्ये तिथेच वारला. आता हा पैसा कुणाकुणाच्या खिशात जातो ते सांगणं कठीण. ग्लोबल विटनेस या संस्थेनं २०१५ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार एकट्या २०१४ सालची उलाढाल ३१ अब्ज डॉलरपर्यंत होती. त्याच २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये फाकांतला मातीचा ढिगारा कोसळून शंभरावर माणसं गेली. २ जुलै २०२० ला, भर पावसात, पुन्हा तेच. या वेळी १७० हून अधिक. ती कंपन्यांची माणसं नव्हती. यंत्रांनी टाकून दिलेल्या मातीत एखादा खडा मिळेल म्हणून चाचपणारे गरीब होते.

इतकं करून तो पोचतो मनगटावर. चिनी घरांत आई मुलीला जेडची बांगडी घालते. साबणाचं पाणी लावून, हात दाबून एकदा चढवली की ती बहुधा उतरतच नाही. ती वाढली तर अंगावरचं संकट तिनं घेतलं असं समजतात, तेव्हा फार रडारड होत नाही.

पण हल्लीची बांगडी लवकर वाढते, आणि त्यात संकटाचा काही संबंध नसतो. हलक्या, डागाळलेल्या जेडाइटला आम्लात बुडवतात. डाग जातात, त्याबरोबर आतली पकडही सैल होते. मग त्या पोकळ्यांत राळ भरतात. बाजारात याला ‘बी’ म्हणतात. वरून रंग चढवला तर ‘सी’, आणि हात न लावलेला तो ‘ए’. ‘इंडियन जेड’ म्हणून विकतात तो तर बहुतेकदा अॅव्हेंच्युरिन, म्हणजे हिरवी गार. त्याचं या घराण्याशी काही नातंच नाही. ‘बी’चं लबाडपण अधिक खोल, कारण त्याचं रूप शाबूत ठेवून चिवटपणाच काढून घेतलेला असतो. काही वर्षांत राळ पिवळी पडते. तोवर घेणाऱ्याला फरक कळावा तर इन्फ्रारेड यंत्र असलेली प्रयोगशाळा गाठायला हवी. दुकानातल्या दिव्याखाली दोन्ही बांगड्या सारख्याच हिरव्या दिसतात, आणि दुकानदाराला ते ठाऊक असतं.