पुढच्या मोसमाचे काय?

२ फेब्रुवारी २०१४ रोजी हैदराबाद येथे कर्नाटकाने रणजी करंडक जिंकला, तेव्हा हुबळी-धारवाडातील मराठी घरांची मोठी चमत्कारिक अवस्था झाली होती. कारण अंतिम सामन्यात हरलेला संघ महाराष्ट्राचा होता. आमच्या घरापुरते सांगावयाचे तर, केदार जाधव खेळावयास आला की तीर्थरूप आण्णा खुर्चीत पुढे सरकून बसत, आणि विनयकुमारने बळी घेतला की नातवंडे उड्या मारीत. दोन्ही पक्ष रात्री एकाच पंक्तीला शांतपणे जेवले, हे विशेष. जेवणानंतर मात्र आण्णांनी एक प्रश्न टाकला. ते म्हणाले, “यंदा विहिरीला पाणी लागले, ठीक आहे. पुढच्या उन्हाळ्यात टिकेल काय?”

हरलेल्या पक्षाचा हा रुसवा आहे, असे मुलांना वाटले. मला तसे वाटले नाही. कर्नाटकाचा तो विजय पुष्कळसा तीन वेगवान गोलंदाजांच्या खांद्यांवर उभा होता: दावणगेरेचा विनयकुमार, बंगळूरचा अभिमन्यू मिथुन आणि डावखुरा श्रीनाथ अरविंद. फलंदाज एखाददुसऱ्या डावात चुकला तरी दुसरा उभा राहतो. परंतु तीन गोलंदाजांचे अंग एकाच मोसमात जमून येणे, आणि लागोपाठ दुसऱ्या वर्षी पुन्हा तसेच जमणे, ही सहज घडणारी गोष्ट नव्हे. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय दर चेंडूला जमिनीवर आदळतो तेव्हा त्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार घोट्यातून, गुडघ्यातून कमरेच्या मणक्यांवर जातो. चार दिवसांच्या सामन्यात असे शेकडो आघात होतात. फलकावर केवळ बळी दिसतात, आघात दिसत नाहीत.

आण्णांच्या शंकेला जुना आधारही होता. मार्च १९७४ मध्ये बंगळूरच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाने मुंबईला अडविले आणि तिची सलग पंधरा वर्षांची सत्ता संपविली. प्रसन्ना आणि चंद्रशेखर ही नावे तेव्हा आमच्या घरात देवादिकांच्या बरोबरीने घेतली जात. करंडकही त्या वर्षी मिळाला. परंतु लगेच पुढच्या मोसमात अंतिम सामन्यात त्याच मुंबईने कर्नाटकाला हरविले. एका वर्षात ते दोघे काही म्हातारे झाले नव्हते, की चेंडू वळवावयास विसरले नव्हते. आणि ते तर फिरकी गोलंदाज. ज्यांना धावत येऊन अंग आपटावयाचे, त्यांची गोष्ट त्याहून अवघड.

असे असूनही २०१४-१५ मध्ये कर्नाटकाने पुन्हा रणजी, इराणी व विजय हजारे हे तिन्ही करंडक राखले. विनयकुमारने त्या रणजी मोसमात ४८ बळी घेतले. उपांत्य सामन्यात मुंबईसारखा संघ पहिल्या डावात अवघ्या ४४ धावांत बाद झाला. त्यांत विनयकुमारचे सहा बळी केवळ २० धावांत. मुले आण्णांकडे विजयी मुद्रेने पाहू लागली.

हे घडले कसे, याचे उत्तर मला वानखेडे मैदानावरच्या अंतिम सामन्यात सापडते. तमिळनाडू पहिल्याच दिवशी १३४ धावांत बाद झाले. त्यानंतर कर्नाटकाने ७६२ धावा केल्या, त्यांत करुण नायरच्या ३२८. लोक त्या त्रिशतकाचे कौतुक करतात व ते रास्तच आहे. पण त्यामुळे गोलंदाजांना दोन दिवसांहून अधिक विसावा मिळाला, याकडे कोणी पाहत नाही. (त्या विसाव्यातच विनयकुमारने स्वतः नाबाद १०५ धावा काढल्या, ही गोष्ट वेगळी!) शिवाय तिघांच्या मागे मंड्याचा एच. एस. शरथ चौथा वेगवान गोलंदाज म्हणून तयार होता, आणि श्रेयस गोपाळ आपल्या लेगस्पिनने एक बाजू सांभाळीत असे. वाहणारे खांदे अधिक असले की कावड लांबवर जाते.

तिसरे वर्ष मात्र आण्णांचे ठरले. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्याजवळ गहुंजे येथे महाराष्ट्रानेच कर्नाटकाची प्रदीर्घ अपराजित वाटचाल थांबविली, आणि कर्नाटक बाद फेरीतही पोहोचले नाही. त्या दिवशी आण्णांनी स्वतःच्या हाताने पेढे वाटले. एका पेढ्यावर नातवाने बहिष्कार घातला.

विदर्भाची हकीकत याहून बोधक आहे. २०१७ च्या डिसेंबरात कोलकात्याला त्यांनी कर्नाटकाला उपांत्य सामन्यात केवळ पाच धावांनी हरविले. रजनीश गुरबाणी या वेगवान गोलंदाजाने त्या सामन्यात बारा बळी घेतले आणि पुढे इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक साधली. पुढल्या वर्षीही करंडक विदर्भाचाच. परंतु नागपूरच्या अंतिम सामन्यात अकरा बळी घेणारा आदित्य सरवटे हा डावखुरा फिरकी गोलंदाज होता. यश तेच, खांदा निराळा. गतवर्षीच्याच माणसाकडून गतवर्षीचेच काम करवून घेण्याचा हट्ट धरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

एवढ्या विस्ताराने लिहिण्यास घरचेच कारण आहे. धारवाडच्या माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा सतरा वर्षांचा आहे. दोन मोसमांपूर्वी त्याने आपल्या संघासाठी एवढे बळी घेतले की मैदानावर त्याचे नाव झाले. पुढच्या वर्षी सर्वांची अपेक्षा एकच, पुन्हा तसेच. संघात दुसरा वेगवान गोलंदाज नव्हता. सकाळी नवा चेंडू त्याच्या हाती, उन्हातही तोच, आणि सायंकाळी शेवटची जोडी फुटत नसली तरी तोच. मोसमाच्या मध्यावर कमरेत कळ आली. तपासणीत मणक्याला केसाएवढी चीर निघाली. या वयात कमरेची हाडे पुरती पक्की झालेली नसतात, असे डॉक्टरांनी समजाविले. सहा महिने चेंडू हाती धरावयाचा नाही!

ते सहा महिने वहिनींनी कसे काढले, ते त्यांनाच ठाऊक. मुलगा गप्प झाला होता. आता तो पुन्हा धावू लागला आहे, आणि भेटेल तो विचारतो, “यंदा पहिल्यासारखे बळी घेणार ना?” तो हसतो. संघात गदगकडचा आणखी एक उंच मुलगा आला आहे. दुसऱ्या टोकाकडून तो गोलंदाजी करतो.

रविवारी सरावाच्या वेळी बंधू मैदानाच्या कडेला बसतात. त्यांच्या डाव्या खिशात छत्तीस चिंचोके असतात. मुलाने एक चेंडू टाकला की एक चिंचोका उजव्या खिशात जातो. डावा खिसा रिकामा झाला की ते उठून उभे राहतात. गेल्या रविवारी मुलाने “काका, अजून एक उरला असेल, बघा ना!” म्हणून माझ्याकडे वशिला लावून पाहिला. बंधूंनी खिसा उलटा करून दाखविला.