प्लग काढल्याशिवाय

२०२१ ची बकरी ईद २१ जुलैला होती. दिवसभर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, त्यामुळे गळाभेटी दारातल्या दारातच झाल्या. रात्री जेवून झोपलो आणि पहाटे उठलो तर वाशिष्ठीचं पाणी अंगणात आलं होतं. त्यानंतर चिपळूणचं काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय, ते पुन्हा सांगत नाही. आम्ही समोरच्यांच्या गच्चीवर होतो. तिथून मला आमची जीप दिसत होती. आधी चाकं गेली, मग बॉनेट, मग काच. शेवटी हूडचे लोखंडी पाइप तेवढे पाण्यावर राहिले.

अब्बांनी एकदाच तिकडे पाहिलं. म्हणाले, "माणसं वर आली ना? मग बस."

ती जीप म्हणजे साठच्या दशकातली महिंद्राची सीजे-३बी, पेट्रोल इंजिनवाली, उंच बॉनेटची. अब्बांनी ती १९८३ साली एका कंत्राटदाराकडून जुनी घेतली. या जीपने आंब्याच्या पेट्या वाहिल्या, वरातींची माणसं वाहिली, रात्री-अपरात्री बाळंतिणी दवाखान्यात नेल्या. जवळपास सगळ्यांनी आपापल्या जीपमध्ये डिझेल इंजिनं बसवून घेतली, अब्बांनी बसवलं नाही. कोणी विचारलं तर ते गाडीचा इतिहास सांगायचे. ही कंपनी १९४५ साली सुरू झाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड महंमद' होतं. त्यातले गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये इथल्या पाटीवर 'महिंद्रा अँड महिंद्रा' आलं. गोष्ट संपली की अब्बा बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "तो महंमद गेला, हा महंमद गाडी घेऊन इथेच आहे." अब्बांच्या नावातही महंमद आहे.

पूर ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता. अब्बांचं वय चौऱ्याहत्तर, त्यात दम्याचा त्रास. त्यांना आणि अम्मीला आम्ही दापोलीला फुफूकडे पाठवलं. जाताना त्यांनी मला एकच गोष्ट बजावली. "गाडीला हात लावू नकोस. मी आलो की प्लग काढून पाणी काढू."

मी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर हेतू चांगला होता. सगळा मोहल्ला उद्ध्वस्त झालेला, घरातली एकही वस्तू धड नाही. अब्बा परत येतील तेव्हा निदान जीप तरी सुरू असावी असं मनात आलं. भंगारवाले गल्लीत फिरायला लागले होते, किलोचा भाव सांगत होते. त्याचाही राग होता. बॅटरी तर मेलेलीच होती. पाचव्या दिवशी एका मित्राच्या पिकअपला मागे दोर बांधला, जीप दुसऱ्या गियरमध्ये टाकली आणि ओढ मिळाल्यावर क्लच सोडला.

ठण्ण असा आवाज आला आणि मागची चाकं जागीच अडकली. तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. मी मित्राला म्हटलं, अजून एकदा ओढ.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असताना पिस्टनला जबरदस्तीने वर ढकललं तर कुणालातरी माघार घ्यावी लागते. पाणी घेत नाही, लोखंड घेतं. हे मला आज कळतं. त्या दिवशी मी दोर सोडला, जीप ढकलून होती तिथे आणून लावली आणि चाकांचे माग पाण्याने धुऊन टाकले.

अब्बा दहा दिवसांनी आले. बॉनेटवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "फिरवलीस?"

मी म्हणालो, "नाही."

शाळा तेव्हा ऑनलाइन होत्या. सकाळचे तास संपले की दुपार मोकळी. विमा फक्त थर्ड पार्टी, आणि गॅरेजवाल्यांकडे पुरातल्या गाड्यांची रांग लागलेली. अब्बा म्हणाले, घरीच खोलू. त्यांचे हात थरथरतात, म्हणून पाना माझ्या हातात आणि ते पडवीत खुर्चीवर.

चेंबरचा नट काढला तर आधी निव्वळ पाणी आलं, मग दुधाळ चहासारखं तेल. प्लगच्या भोकांतून गाळ निघाला. कार्बोरेटर उतरवला, दिसतील ते हेडचे सगळे बोल्ट काढले, तरी हेड हलेना. मी टॉमी घालून उचकटायला निघालो, तेवढ्यात खुर्चीवरून आवाज आला, "कार्बोरेटर होता तिथे आत बघ." कार्बोरेटरच्या बरोबर खाली, आतल्या बाजूला एक बोल्ट लपलेला होता. या इंजिनात इनलेटची वाट हेडमध्येच ओतलेली आहे, म्हणून तो बोल्ट बाहेरून दिसत नाही. टॉमी लावली असती तर हेडला तडा गेला असता.

या इंजिनाची रचनाही वेगळी. इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गंजून अडकले होते. त्यांवर रॉकेल-डिझेल ओतत चार दिवस वाट पाहिली, मग लाकडाच्या ठोकळ्याने हळूहळू हलवले. स्प्रिंग काढण्याआधी अब्बांनी आपली जुनी लुंगी फाडायला लावली आणि व्हॉल्व्हच्या कप्प्यातली भोकं चिंध्यांनी बुजवायला सांगितली. स्प्रिंगचं बारीकसं लॉक निसटून त्या भोकातून गेलं तर थेट चेंबरमध्ये. एक लॉक निसटलंच, आणि लुंगीत सापडलं. सुटे झालेले भाग पुरात गंजलेल्या अम्मीच्या अप्पेपात्रात, एकेका खळग्यात क्रमाने ठेवले. अम्मीने पाहिलं आणि काही न बोलता आत गेली.

मग अब्बा म्हणाले, "हँडल घाल. पिस्टन वर आण आणि पट्टीने मोज."

चार सिलिंडरमध्ये एक आणि चार बरोबर वर येतात, दोन आणि तीन बरोबर. एक आणि चार सारखे भरले. दोन बरोबर होता. तीन दोन मिलिमीटर खाली राहिला. मी पुन्हा मोजलं, मग तिसऱ्यांदा. अब्बा उठून आले, चष्मा लावून त्यांनी स्वतः पट्टी धरली.

"रॉड वाकलाय," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "उभ्या गाडीत पुराच्या पाण्याने रॉड वाकत नाही."

मी खाली मान घालून उभा. ते माझ्याकडे बघतही नव्हते. पट्टी पुसून खिशात ठेवली आणि म्हणाले, "दुसरा शोधायला लागेल."

बस, एवढंच. त्या रात्री मला झोप लागली नाही. रागावले असते तर लागली असती.

सकाळी चहा देताना मी सांगून टाकलं. पिकअप, दोर, दोनदा ओढलं ते, माग धुतले तेही. अब्बांनी चहा संपवला. "एकदा ओढलंस ती चूक. दुसऱ्यांदा ओढलंस ती जिद्द. नाही म्हणालास, ते मात्र कशात बसवू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. "चल," ते म्हणाले, "रिंगा चिकटतील."

सिलिंडरच्या वरच्या तोंडाशी झिजून झालेली कड आधी घासून काढली, नाहीतर पिस्टन वर निघताना रिंगांसकट तुटतो. रॉडच्या बोल्टांवर रबरी नळ्या चढवल्या, क्रँकला ओरखडा जाऊ नये म्हणून. प्रत्येक कॅपवर पंचाने खूण केली, कारण कॅप आपल्याच रॉडवर आणि त्याच दिशेने बसली पाहिजे. क्रँक सुदैवाने शाबूत होता. जुना पण सरळ रॉड कुर्ल्याच्या भंगार बाजारातून मिळाला. तो आणि उरलेले तीन पोत्यात घालून मी कुंभार्ली घाटातून कोल्हापूरला, उद्यमनगरात नेले. तिथल्या मिस्त्रीने चारही तपासले आणि नव्या रॉडचं वजन बाकीच्यांशी जुळवून दिलं.

व्हॉल्व्ह घासायचं काम सर्वांत जास्त दिवस चाललं. पेस्ट लावायची, काठीच्या टोकाला व्हॉल्व्ह चिकटवायचा आणि रवी फिरवतात तशी दोन्ही तळव्यांत काठी फिरवायची. आधी खरखर येते, मग आवाज मऊ होत जातो. अब्बा खुर्चीवर डोळे मिटून ऐकत. मला वाटायचं त्यांना झोप लागली. मी थांबलो की म्हणायचे, "अजून नाही."

नव्या रिंगा, नवी बेअरिंगं, नवं गॅस्केट. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत कसले, शेवटी ६० ते ७० फूट-पाउंडांपर्यंत. कार्बोरेटरखालचा तो बोल्ट या वेळी मी विसरलो नाही. टॅपेट बसवले, इनलेटला अठरा थाउ, एक्झॉस्टला सोळा. सगळा खर्च साडेचौदा हजारांच्या आसपास गेला. भंगारवाला देत होता त्यापेक्षा फार कमी नव्हे. हिशेब करणाऱ्या माणसाने हे करू नये.

दिवाळीच्या सुट्टीत, एका सकाळी, हँडल मारायची वेळ आली. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीसारखा आवळायचा नाही, कारण इंजिन उलटं मारलं तर अंगठा मोडतो. हे मला लहानपणापासून पाठ आहे. पण आधी नुसतंच फिरवून आत तेल चढवायचं होतं.

अब्बा खुर्चीतून म्हणाले, "प्लग काढलेस?"

"काढले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चारही प्लग हातात घेऊन त्यांच्यासमोर धरले. तेव्हा कुठे ते हसले.

प्लग परत बसवल्यावर तिसऱ्या हँडलला इंजिन लागलं. निळसर धूर सगळ्या अंगणात पसरला. शेजारचे गच्चीवर आले. अम्मी अप्पेपात्र घासायला घेऊन बाहेर आली होती. ती ओरडून काहीतरी म्हणाली, ते इंजिनाच्या आवाजात कुणालाच ऐकू आलं नाही.