तिथी पाहून धावायला

सकाळी धावायला जाते असं सांगितलं की पुरुषमंडळी विचारतात, "कशाला?" बायका विचारतात, "कुठे?" बायकांचा प्रश्न मला जास्त शहाणपणाचा वाटतो. रस्त्याने धावावं तर दूधवाले, रिक्षा, आणि गॅलरीत दात घासत उभे राहिलेले शेजारी. मैदानात जावं तर क्रिकेटवाल्या पोरांनी ते सहाच्या आतच अडवलेलं. सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायच्या म्हटल्या तर दहाव्या फेरीला वॉचमनसुद्धा कंटाळून खुर्ची फिरवून बसतो. बरं, आपल्याजवळ वेळ तरी किती? मुलांचा डबा आणि शाळेची बस यांच्या आधीचा जेमतेम तास. तो सिमेंटच्या भिंती बघत घालवायचा असेल तर दोन दिवसांत उत्साह मावळतो. म्हणून जागा चांगली हवी. नजरेला सुख असलं की पाय आपोआप चालतात.

मी वसईत राहते. लोकल येते म्हणून आम्ही उपनगरातले, आणि स्टेशनापासून पश्चिमेला सहा-सात किलोमीटर गेलं की समुद्र, म्हणून किनाऱ्यावरचेही. स्टेशनच्या बाजूला आता इमारतींना इमारती टेकल्या आहेत. पण पारनाका ओलांडून पुढे गेलं की जुनं गाव लागतं आणि हवा बदलते. तिथून सुरुची बागेकडे वळायचं. उंच सुरूची झाडं, वाऱ्याने त्यांच्यातून येणारी ती सूं-सूं, आणि पलीकडे काळसर वाळूचा रुंद किनारा.

पण समुद्रावर धावायचं तर समुद्राचं वेळापत्रक आधी पाहावं लागतं. भरती असली तर पाणी वरपर्यंत आलेलं असतं आणि आपल्या वाट्याला उरते ती कोरडी, भुसभुशीत वाळू. त्या वाळूत पाय रुततात, पोटऱ्या भरून येतात आणि अर्धा किलोमीटरात दम लागतो. धावायला हवी ती ओहोटीने नुकतीच उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू. ती सकाळी सहाला कोणत्या दिवशी मिळेल?

हे गणित मला सासूबाईंनी शिकवलं. त्या मूळच्या हर्णैकडच्या. मी धावायला लागले तेव्हा "मागे काय वाघ लागलाय?" असं म्हणाल्या होत्या खऱ्या, पण मी भरतीची वेळ मोबाइलवर शोधते आहे हे पाहून त्यांना राहवलं नाही. "अगं, तिथी बघ नि तिची पाऊणपट कर." इतकं सोपं! तिथी शुद्धातली असो की वद्यातली, तिच्या आकड्याला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाच-साडेपाचला ओहोटी. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आपल्या कामाला पुरेसं आहे. यामागचं कारण चंद्र. तो रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, आणि भरतीही त्याच्याबरोबर रोज तितकीच पुढे सरकते.

तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख यांच्या शेजारी माझ्या छोट्या फुल्या असतात. त्रयोदशीपासून पुढच्या तृतीया-चतुर्थीपर्यंत किनारा माझा. पौर्णिमा आणि अमावास्या तर सर्वांत उत्तम, कारण तेव्हा उधाण असतं. भरती जितकी चढते तितकीच ओहोटीही लांब जाते आणि किनारा भलामोठा पसरतो. पौर्णिमेच्या पहाटे आणखी एक गंमत असते. समोर पश्चिमेला मावळता चंद्र पाण्यावर टेकलेला आणि पाठीमागे सुरूच्या झाडांआड उजाडत असलेलं. हे पाहायला लोक पैसे खर्चून लांब लांब जातात. मला डबा भरायला साडेसातला घरी यायचं असतं, आणि मी येते.

सप्तमी-अष्टमी-नवमीला मात्र सकाळी पाणी वर असतं. ते दिवस किल्ल्याचे. वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून चिमाजी आप्पांनी १७३९ साली घेतला, हे आपण शाळेत पाठ केलेलं. पण त्या किल्ल्याच्या आतून सरळ रस्ता जातो आणि त्यावरून रोज किल्लाबंदरची वर्दळ असते, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. दोन्ही बाजूंना पडकी चर्चेस, त्यांच्या कमानींतून उगवलेले वड-पिंपळ, आणि गर्द सावली. पायांखाली डांबर असल्याने तिथीचा प्रश्न नाही. समोरून मासळीच्या पाट्या घेऊन कोळणी झपाझप येत असतात. त्यांचं ते चालणं पाहिलं की आपण धावतो म्हणजे फार काही करतो असं वाटेनासं होतं. रस्ता सोडून आतल्या पडक्या वास्तूंत मात्र एकटीने शिरू नये. तिथे सापकिरडूंची भीती आहे, आणि माणसांचीही.

तिसरी वाट वाड्यांमधली. भुईगाव, गास, निर्मळ या बाजूला केळीच्या बागा, पानवेली, फुलझाडं आणि मधूनमधून बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची जुनी तळी. रस्ते अरुंद, पण सावलीचे. राजेळी केळी सुकवून केलेली सुकेळी याच भागातली. पावसाळ्यात मी इकडेच जाते. त्या दिवसांत किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल वाहून येतात आणि त्यांचा दंश चांगलाच झोंबतो. वाड्यांच्या रस्त्यावर फक्त शेवाळ सांभाळायचं.

समुद्र ज्यांना लांब पडतो अशा उपनगरातल्या मैत्रिणींसाठी बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. फाटकापासून कान्हेरीच्या लेण्यांकडे सुमारे सहा किलोमीटरचा रस्ता जातो, शेवटी चढाचा. माझी बहीण कांदिवलीला असते; तिच्याकडे राहिले की आम्ही दोघी जातो. पावसाळा सरता सरता तिथलं हिरवेपण असं असतं की पाठीमागे कोटभर माणसांचं शहर आहे हे खरं वाटत नाही. पण ते बिबट्यांचं घर आहे हे विसरू नये. अगदी पहाटे नि अंधार पडताना ते फिरतात. तेव्हा चार जणींनी मिळून जावं, मोठ्याने बोलत जावं, मुलांना पुढे पळू देऊ नये. आणि कानात गाणी लावून धावण्याची जी नवी पद्धत आहे, ती जंगलातही नको आणि एकट्या बाईला रस्त्यावरही नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुट्टीत कोकणात जाणं होतं तेव्हाही बूट पिशवीत टाकावेत. अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जाता येतं. पाऊणपटीचं गणित तिथेही चालतं. रत्नागिरीजवळ भाट्याचा किनारा लांबलचक, सरळ, मागे सुरूबन आणि टोकाला झरी विनायकाचं देऊळ. सगळे चहा घेऊन आवरतात तोवर आपली फेरी झालेली असते.

आता कपड्यांविषयी, कारण खरा अडसर तिथेच असतो. बारामतीच्या लता भगवान करे यांनी पतीच्या उपचारांसाठी नऊवारीत, अनवाणी धावून स्पर्धा जिंकली. त्यांच्यावर त्याच नावाचा मराठी चित्रपटही निघाला. त्यांची जिद्द थोर; पण आपण मात्र चांगले बूट घ्यावेत. ओली वाळू समुद्राकडे उतरती असते, काचा आणि माशांचे काटे असतात. जाताना एक पाय खालच्या अंगाला राहतो, तेव्हा परतताना त्याच वाटेने यावं, म्हणजे दोन्ही पायांवर ताण सारखा पडतो. वर सुती कुर्ता आणि सलवार असली तरी चालतं. मी पहिलं वर्ष तशीच धावले. लोक काय म्हणतील? पहिले आठ दिवस म्हणतात. ऑलिंपिकमध्ये पुरुष १८९६ पासून मॅरेथॉन धावत होते आणि बायकांची मॅरेथॉन सुरू व्हायला १९८४ साल उजाडलं. तिथे अठ्ठ्याऐंशी वर्षं लागली, तर आमच्या गल्लीला आठ दिवस म्हणजे काहीच नाही.

एक गोष्ट कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. किनाऱ्यांवर बायकांसाठी स्वच्छतागृह बहुधा नसतं, आणि असलंच तर सकाळी त्याला कुलूप असतं. पुरुषांचं अडत नाही, आपलं अडतं. पुष्कळ जणी या एका कारणाने घरून निघतानाच पाणी पीत नाहीत आणि मग उन्हात चक्कर येते. पाणी प्यावंच, आणि पहिल्या दिवशी जागा बघायला जाल तेव्हा आधी याची चौकशी करावी. जवळचं देऊळ, एखादं उघडं हॉटेल, ओळखीचं घर, काही ना काही सापडतं.

आणि सुरूबनात उजाडल्याशिवाय शिरू नये, कितीही सुंदर दिसलं तरी. मी अंधार असेतो कोळीवाड्याच्या बाजूलाच राहते. पाचूबंदरला त्या वेळी बायका होड्यांची वाट पाहत बसलेल्या असतात आणि जिथे त्या आहेत तिथे मला कधी भीती वाटलेली नाही. आता त्या मला ओळखतात. परवा एकीने हाक मारून थांबवलं. बोंबील ताजे होते. पैसे जवळ नव्हते तर म्हणाली, "ने गो, उद्या दे. उद्या पण धावशील ना?"