पगाराआधीचा आठवडा

महिन्याचा शेवटचा आठवडा सरता सरत नाही. सुरतेत लिंबायत भागात आमच्यासारखी खानदेशातून आलेली घरं पुष्कळ. लूमवर मजुरी मीटरवर. वीज गेली की कमाई बुडाली. म्हणून पैसे हातात पडताच तूरडाळ, कपाशीचं तेल आणि गॅसचे पैसे आधी बाजूला निघतात. शेंगदाण्याचं तेल सणापुरतं. रेशनचं धान्य 2023 पासून फुकट आहे, माणशी 5 किलो. महिना त्यावर निघत नाही, पण आधार मोठा. गावच्या कार्डावर ते इथंही मिळतं, हे नव्या शेजारणीला दुकानात नेऊन दाखवलं.

आमचा खरा तारणहार कळणा. ज्वारी आणि सालीसकट उडीद, मीठ घालून एकत्र दळायचे. गरम भाकरी, भाजलेल्या मिरचीचा ठेचा, वर चमचाभर तेल, कच्चा कांदा. भाजी कुठंय, असं कुणी विचारत नाही. उडदामुळे पोरांच्या पोटात डाळही जाते.

भाजी रात्री, बाजार उठताना घ्यावी, भाव उतरतो. दूध मात्र तोडायचं नाही. पोरांच्या पेल्यातून काढलेली बचत मला मान्य नाही. उद्या मेथी स्वस्त मिळाली तर दोन जुड्या आणणार, एक डाळीत घालायला.